वीस किलोमीटरचा समुद्र

बोल्डर्स बीचच्या पार्किंगमध्ये एक पाटी आहे: गाडी सुरू करण्याआधी खाली पेंग्विन नाही ना, ते बघून घ्या. मी पाटीचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला आणि मग खरंच वाकून गाडीखाली बघितलं. काही नव्हतं. टॅक्सीचा ड्रायव्हर हसला. म्हणाला, सगळेच बघतात.

मार्च २०२५ ची गोष्ट. कंपनीनं तीन आठवड्यांसाठी केपटाऊनला पाठवलं होतं. क्लायंटची वीस वर्षं जुनी सिस्टीम क्लाउडवर हलवायची होती. पहाटे उठून भारतातल्या टीमबरोबर कॉल, मग दिवसभर क्लायंटच्या ऑफिसात स्क्रीनवरचे लाल-हिरवे आकडे. पहिल्या शनिवारी आम्ही तिघं सायमन्स टाउनला गेलो. केपटाऊनला गेलं की टेबल माउंटन आणि पेंग्विन बघायचे असतात, एवढीच आमची माहिती.

लाकडी फळ्यांच्या वाटेवरून खाली गेलो. ग्रॅनाइटचे गोल, प्रचंड धोंडे, मध्ये पांढरी वाळू आणि वाळूवर ते. जेमतेम दोन फूट उंच, तीन-साडेतीन किलोचे. डोळ्यावर गुलाबी कातडीचा डाग. ऊन वाढलं की शरीरातलं गरम रक्त त्या डागाकडे जातं आणि तिथून उष्णता बाहेर पडते. म्हणजे आपला हीट सिंकच. एकजण मान वर करून ओरडला आणि आम्ही तिघंही दचकलो, कारण आवाज हुबेहूब गाढवाचा होता. या पेंग्विनना पूर्वी ‘जॅकअ‍ॅस पेंग्विन’ म्हणत, ते उगाच नाही.

मग वारा फिरला आणि वास आला. सोबतच्या दोघांनी नाकाला रुमाल लावले. मला मात्र क्षणभर मिरकरवाड्याच्या जेटीवर उभं असल्यासारखं वाटलं. मी रत्नागिरीची. मासळीच्या वासानं माझं नाक कधी मुरडलं नाही.

कठड्याजवळ उद्यानाची एक कर्मचारी उभी होती. मी तिला सहज विचारलं, इथे किती आहेत? तिनं आकडा सांगितला आणि पुढे म्हणाली, पूर्वी याहून बरेच होते. आता उपाशी आहेत. मी विचारलं, का? समुद्र तर समोरच आहे. ती म्हणाली, समुद्र आहे, मासे नाहीत. सार्डिन आणि अँकोव्ही. समुद्र बदलला, आणि त्यात पर्ससीनच्या बोटी.

ती पर्ससीन हा शब्द समजावून सांगायला लागली. मी म्हटलं, मला माहीत आहे.

*

मला माहीत आहे, कारण माझ्या इंजिनिअरिंगची फी पर्ससीनच्या पैशातून भरली गेली.

बाबांचा एका बोटीत पाव हिस्सा होता. चौघांची बोट, पंचवीस-तीस खलाशी. ज्यांनी पर्ससीन बघितलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. माशांचा थवा दिसला की बोट त्याच्याभोवती गोल फिरते आणि जाळ्याची भिंत उभी करते. मग बटव्याची नाडी ओढावी तसा जाळ्याच्या तळाचा दोर ओढतात. खालून तोंड बंद. आतला थवाच्या थवा वर येतो. बांगडा, तारली, जे असेल ते. चांगल्या दिवशी एका ओढीत पाच टन. बांगडा बाजारात जायचा. तारली जास्त झाली की फिशमीलला, म्हणजे वाळवून, दळून, कोंबड्यांच्या आणि कोळंबीच्या खाद्यात.

मामा मालवणचा. त्याची रापण. किनाऱ्यावरून पन्नास माणसांनी मिळून ओढायचं जाळं, आणि येईल त्या मासळीचे वाटे. जाळं ओढायला हात लावलेल्या प्रत्येकाचा वाटा. लहानपणी मेच्या सुट्टीत मीही दोर ओढला आहे आणि चार बांगड्यांचा वाटा घेऊन घरी नाचत गेले आहे. मी सातवी-आठवीत गेल्यापासून मामा एकच प्रश्न विचारायला लागला: “मासे खंय गेले गो?” त्याच्या मते उत्तर सोपं होतं. किनाऱ्याकडे येणारा मासा बाहेरच उचलला जात होता आणि तो उचलणाऱ्यांत त्याच्या बहिणीचा नवरा होता.

२०१६ मध्ये राज्य सरकारनं पर्ससीनवर निर्बंध आणले. मी तेव्हा पुण्यात सेकंड इयरला होते. मामा ज्या आंदोलनात बसला होता त्यातली ही मागणी होती. बाबा त्या दिवशी जेवताना आईला म्हणाले, “तुझ्या भावानं हिची फी बंद केली.” फी काही बंद झाली नाही. बाबांनी कर्ज काढलं, मी शिकले. पण मामा त्यानंतर गणपतीला आमच्याकडे आला नाही. आई तिकडे जाते, एकटी. मी तेव्हा पूर्णपणे बाबांच्या बाजूची होते. चार महिने मासेमारी आणि आठ महिने हप्ते, हे कुठलं गणित, असं मी मित्रमैत्रिणींना तावातावानं सांगायचे. २०१९ मध्ये बोट विकली. तोवर मला नोकरी लागली होती आणि मी हा विषय बंद करून टाकला होता.

तो आठ हजार किलोमीटरवर, एका गाढवासारख्या ओरडणाऱ्या पक्ष्यासमोर उघडला.

*

त्या रात्री हॉटेलवर मी वाचत बसले. सवयीनं आधी आकडे.

आपण मुंबईत राणीच्या बागेत बघतो ते हम्बोल्ट पेंग्विन, दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे. आफ्रिकन पेंग्विन त्यांचा चुलतभाऊ. आफ्रिका खंडात पिल्लं घालणारा हा एकमेव पेंग्विन, आणि तोही फक्त नामिबिया आणि दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एकट्या डॅसन बेटावर चौदा-पंधरा लाख पक्षी असावेत, असा अंदाज जुन्या छायाचित्रांवरून केला गेला आहे. १९५६ मध्ये पहिली पूर्ण मोजणी झाली तेव्हा सगळीकडे मिळून जवळपास दीड लाख जोड्या भरल्या. २००९ मध्ये सुमारे सव्वीस हजार. २०२३ मध्ये दहा हजारांच्याही खाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये आययूसीएननं या पक्ष्याला ‘धोक्यात’ या वर्गातून काढून ‘अतिधोक्यात’ टाकलं. त्यापुढचा वर्ग ‘निसर्गातून नष्ट’ हा आहे.

प्रॉडक्शनवर काही कोसळलं की आमच्याकडे नंतर एक बैठक होते. काय झालं, कधी झालं, मूळ कारण काय. त्यात नेहमी लक्षात येतं की एकच कारण कधी नसतं. पेंग्विनांचंही तसंच आहे. माणसानं त्यांच्या घराचे थर एकामागून एक काढले.

आधी ग्वानो. बेटांवर हजारो वर्षं साचलेली पक्ष्यांची विष्ठा, काही ठिकाणी अनेक मीटर जाड. १८४० च्या दशकात युरोपात शेतीसाठी या खताला सोन्यासारखा भाव आला आणि नामिबियाच्या किनाऱ्यावरच्या इचाबो या एवढ्याशा बेटाभोवती शेकडो जहाजं जमली. खडक उघडा पडेपर्यंत खरवडलं. पेंग्विन त्या थरात बिळं करून अंडी घालत. बीळ म्हणजे सावली आणि सीगलपासून आडोसा. थर गेला तशी अंडी उघड्यावर आली. आजही उष्ण दिवशी आईबाप तहानेनं आणि उन्हानं हैराण होऊन पाण्यात उतरतात आणि मागे अंडी शिजतात किंवा पळवली जातात. आता संशोधक आणि संस्था सिरॅमिकची कृत्रिम घरटी करून ठेवतात. दीडशे वर्षांपूर्वी फुकट असलेली गोष्ट आता एकेक करून घडवावी लागते.

मग अंडी. केपटाऊनच्या हॉटेलांत पेंग्विनची अंडी हा चवीचा पदार्थ होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत डॅसन बेटावरून सुमारे एक कोटी तीस लाख अंडी गोळा केली गेली. जोडी एका वेळी दोनच अंडी घालते आणि ती साधारण चाळीस दिवस उबवते. हा व्यवसाय १९६० च्या दशकात कुठे थांबला.

मग तेल. २३ जून २००० रोजी ‘ट्रेझर’ नावाचं लोहखनिजाचं जहाज रॉबेन आणि डॅसन या दोन बेटांच्या मध्ये बुडालं. रॉबेन म्हणजे तेच, मंडेलांच्या तुरुंगाचं बेट. जवळपास एकोणीस हजार पेंग्विन तेलात माखले. तेल लागलं की पिसांतलं पाणी अडवणं संपतं, पक्षी गारठतो. हजारो स्वयंसेवक जमले आणि एकेक पक्षी हातानं धुतला गेला. सॅनकॉब ही १९६८ पासून समुद्रपक्ष्यांवर उपचार करणारी संस्था यात पुढे होती.

पण मला सगळ्यात आवडली ती न माखलेल्या पक्ष्यांची गोष्ट. तेल साफ होईपर्यंत त्यांना तिथून दूर ठेवायचं होतं. मग साडेएकोणीस हजार पेंग्विन ट्रकांत भरून पूर्वेला पोर्ट एलिझाबेथला नेले आणि तिथे समुद्रात सोडून दिले. हिशेब असा की ते पोहत घरी येतील आणि त्यांना लागणाऱ्या वेळात किनारा साफ होईल. तिघांच्या पाठीवर सॅटेलाइट ट्रान्समीटर लावले: पीटर, पॅमेला आणि पर्सी. सगळा देश त्यांचा प्रवास बघत होता. ते आले. आठशेहून अधिक किलोमीटर पोहून, दोन-तीन आठवड्यांत, आपापल्या बेटावर.

एवढं करून वाचवलेल्या त्या पक्ष्यांपैकी पुष्कळांचं पुढे काय झालं, तेही त्याच रात्री वाचलं. येत्या काही वर्षांत सार्डिनचा साठा घसरला आणि पेंग्विनांची संख्याही कोसळत गेली. या वेळी तेल नव्हतं. वर्तमानपत्रात फोटो नव्हते. भूक दिसत नाही.

*

पेंग्विन कसा उपाशी मरतो, हे आधी मला कळत नव्हतं. एवढा पोहणारा प्राणी, मासा नसेल तर पुढे जाईल ना?

उत्तराचा एक भाग पिसांत आहे. वर्षातून एकदा पेंग्विन सगळी पिसं एकदम बदलतो. त्याला सुमारे तीन आठवडे लागतात. तेवढे दिवस अंगावर पाणी अडवणारं काही नसतं, म्हणून समुद्रात उतरता येत नाही, म्हणजे खाता येत नाही. त्यामुळे आधीचे काही आठवडे भरपूर खाऊन चरबी साठवावी लागते. जो साठवू शकला नाही, तो किनाऱ्यावर उभ्या उभ्या संपतो. आणि ज्यांची पिल्लं अजून घरट्यात आहेत आणि पिसं बदलायची वेळ झाली, ते आईबाप पिल्लांना सोडून देतात. सॅनकॉब दरवर्षी अशी टाकलेली पिल्लं उचलून, वाढवून, परत सोडते.

दुसरा भाग पिल्लांत आहे. घरट्यात पिल्लू असताना आईबापांना आळीपाळीनं जाऊन लवकर परतावं लागतं. त्यामुळे शिकारीचा टप्पा साधारण वीस-तीस किलोमीटर. समुद्र केवढा का असेना, या पक्ष्यासाठी त्या दिवसांत तो एवढाच आहे. त्या वर्तुळात मासा हवा.

आणि मासा हलला. गेल्या काही दशकांत दक्षिण आफ्रिकेची सार्डिन पश्चिम किनाऱ्यावरून दक्षिणेकडे, केप अगुल्हासच्या पूर्वेला सरकली. पाण्याचं तापमान आणि खारेपणा बदलला, आणि पश्चिमेला मासेमारीचा भारही जास्त राहिला. कॅनिंगचे आणि फिशमीलचे कारखाने पश्चिमेला होते, त्यामुळे तिथे जे उरलं त्यावर बोटींचा जोर कायम. पेंग्विनांची बेटंही पश्चिमेला. बोट मासा गेला तिकडे जाऊ शकते. बेट जाऊ शकत नाही.

मग तरुण पेंग्विन, ज्यांना अजून घरटं नाही, त्यांनी तरी जावं. इथे एक संशोधन आहे, जे मी दोनदा वाचलं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेलं. घरटं सोडून पहिल्यांदाच समुद्रात निघालेल्या पन्नासेक पेंग्विनांना ट्रान्समीटर लावले आणि ते कुठे जातात ते पाहिलं. ते गेले बरोबर तिकडेच, जिकडे त्यांचे पूर्वज जात होते. पाणी गार आहे, शेवाळ भरपूर आहे, म्हणजे इथे मासा असणार. हजारो वर्षं ही खूण खरी होती. पण नामिबियाच्या त्या पाण्यातली सार्डिन १९७० च्या सुमारास मासेमारीनं संपवली आणि ती पुन्हा उभी राहिलीच नाही. तिथे आता जेलीफिश आहेत, आणि कमी पोषणाचे दुसरे मासे. पक्षी येतो, खूण बरोबर असते, ताट रिकामं असतं. शास्त्रज्ञ याला ‘परिसंस्थेचा सापळा’ म्हणतात.

मी त्या आठवड्यात क्लायंटच्या सिस्टीममध्ये नेमकं हेच शोधत होते. जुना सर्व्हर बंद केला होता, पण काही प्रोग्रॅमना ते कुणी सांगितलंच नव्हतं. ते रोज रात्री दोन वाजता जुन्या पत्त्यावर जात, रिकामा डेटा घेत आणि काम पूर्ण झाल्याची नोंद करत. एरर नाही. सगळं हिरवं. आम्ही तो पत्ता एका ओळीत बदलला. पेंग्विनची ती ओळ बदलायला किती हजार वर्षं लागतील, कोण जाणे. तेवढा वेळ त्याच्याकडे नाही.

माणसांनी तोही प्रयत्न केला आहे. पूर्वेकडे, जिथे सार्डिन आता आहे, तिथल्या डी हूप अभयारण्याच्या किनाऱ्यावर नवी वसाहत बसवायचा. शिकारी प्राणी येऊ नयेत म्हणून कुंपण, पेंग्विनांचे खोटे पुतळे, स्पीकरवर त्यांचे आवाज, आणि हातानं वाढवलेल्या पिल्लांना तिथून समुद्रात सोडणं. २०२२ मध्ये तिथे पेंग्विननी अंडी घातली. मोठी वसाहत व्हायला वर्षं जातील, पण पत्ता बदलता येतो, एवढं सिद्ध झालं.

*

माझ्या राहण्याच्या दुसऱ्या आठवड्यात, १८ मार्चला, बातमी आली.

गोष्ट जुनी होती. २००८ पासून दक्षिण आफ्रिकेनं एक प्रयोग चालवला. काही बेटांभोवती वीस किलोमीटरपर्यंत सार्डिन-अँकोव्हीची मासेमारी काही वर्षं बंद, मग चालू, मग पुन्हा बंद, आणि पेंग्विनांवर परिणाम होतो का ते मोजायचं. आमच्याकडे याला ए-बी टेस्ट म्हणतात. निकाल आला तो छोटा: बंदीनं पेंग्विनांना फायदा होतो, पण मोठा नाही. मग त्या छोट्या फायद्याची किंमत कुणी द्यायची यावर वर्षानुवर्षं वाद. उद्योगाचं म्हणणं, रोजगार जातील. शास्त्रज्ञांतही दोन गट. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या समितीनं सांगितलं की बंदीचा उपयोग आहे, आणि हद्द ठरवताना पेंग्विन खरोखर कुठे खातो ते बघा. सरकारनं बंदी दहा वर्षांसाठी लावली, पण अनेक ठिकाणी हद्दी त्याच जुन्या, तडजोडीच्या ठेवल्या. बर्डलाइफ साउथ आफ्रिका आणि सॅनकॉब २०२४ मध्ये सरकारविरुद्ध प्रिटोरियाच्या हायकोर्टात गेल्या.

१८ मार्चला निकाल लागला तो भांडून नाही, तर बसून. दोन्ही संस्था, सरकार आणि मासेमारी उद्योगाच्या संघटनांनी समझोता केला आणि कोर्टानं त्याचाच आदेश केला. सहा वसाहतींभोवती, डॅसन, रॉबेन, स्टोनी पॉइंट, डायर, सेंट क्रॉय आणि बर्ड आयलंड, २०३३ पर्यंत व्यावसायिक बोटींनी सार्डिन आणि अँकोव्ही धरायची नाही. जागेनुसार हद्द वेगळी. रॉबेनभोवती वीस किलोमीटर.

मी त्या रात्री बाबांना फोन केला. “काय गो, जेवलीस?” झालं. हवा झाली. मग मी बातमी सांगितली. बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “हप्ते असतील ना त्यांच्यावर.” मला वाटलं, आता पुन्हा तेच. मी म्हटलं, बाबा, ते पक्षी संपत आलेत. ते म्हणाले, “मी कुठे नाही म्हटलं? मी एवढंच विचारतोय, हप्ते कुणी भरायचे.” आणि फोन आईकडे दिला.

तो प्रश्न मला वर्षभर आधी कुणी विचारला असता, तर मी बाबांचीच ओळ म्हणून दाखवली असती. आता म्हणवली नाही. आणि त्याला खोडूनही काढवेना, कारण ती फी खरी होती, माझं शिक्षण खरं होतं, आणि त्या शिक्षणामुळेच मी पेंग्विन बघायला तिथवर पोचले होते.

*

परतीच्या विमानात मी एक हिशेब केला. पेंग्विनांची घट दरवर्षी ७.९ टक्के सांगतात, आणि असंच चाललं तर २०३५ पर्यंत ते निसर्गातून संपतील, असा इशारा आहे. मी फोनवर गणित मांडलं. दरवर्षी ७.९ टक्के म्हणजे साडेआठ वर्षांत निम्मे. दहा हजारांपासून निघालं तर दहा वर्षांनी चार हजारांवर जोड्या शिल्लक राहतात. शून्य कुठे आहे? टक्केवारीनं घटणारी गोष्ट कागदावर कधीच शून्य होत नाही.

पण पक्षी कागदावर राहत नाहीत. सप्टेंबर २०२१ मध्ये बोल्डर्सला एका रात्रीत त्रेसष्ट पेंग्विन मेले, मधमाश्यांच्या डंखांनी. डोळ्यांभोवती, जिथे पिसं नसतात तिथे. लाखोंच्या वसाहतीत त्रेसष्ट म्हणजे काहीच नाही. पाचशेच्या वसाहतीत ते एक मोठं भगदाड. दाट वसाहतीत मधली घरटी सीगलपासून सुरक्षित असतात. विरळ झाली की सगळीच कडेची होतात. बर्ड फ्लू आहे. सेंट क्रॉय, जी काही वर्षांपूर्वी जगातली सर्वांत मोठी आफ्रिकन पेंग्विन वसाहत होती, तिथे २०१६ मध्ये जवळच्या उपसागरात जहाजातून जहाजात इंधन भरायला सुरुवात झाली, समुद्रातला गोंगाट वाढला आणि पेंग्विन झपाट्यानं गेले. आलेख हळूहळू उतरतो आणि एका ठिकाणी कडा येते. ती कडा सूत्रात दिसत नाही. मामाच्या रापणीचंही असंच होतं. दरवर्षी थोडा थोडा मासा कमी, आणि मग एका वर्षी पन्नास माणसं दोर ओढायला येईनाशी झाली. अर्ध्या माणसांत अर्धी रापण ओढता येत नाही. ती थांबतेच.

*

मेमध्ये रत्नागिरीला गेले. संध्याकाळी ओटीवर बाबांना व्हिडिओ दाखवले. एक पेंग्विन दोन धोंड्यांमधून वाट काढताना घसरतो, उठतो, आजूबाजूला बघतो, जणू कुणी पाहिलं तर नाही ना. बाबा हसले. पुन्हा लावायला सांगितला. मग छातीवरचे काळे ठिपके दिसताच म्हणाले, “हे सगळ्यांचे सारखे नाहीत.” मी म्हटलं, बरोबर. प्रत्येकाची ठिपक्यांची नक्षी वेगळी असते, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखी. ब्रिस्टल विद्यापीठातल्या लोकांनी कॅमेऱ्यातून ती नक्षी ओळखणारा प्रोग्रॅम रॉबेन बेटासाठी केला होता. बाबांना ते पटलं. थव्यातला मासा नुसत्या पाण्याच्या रंगावरून ओळखणारा माणूस तो.

“हे दिवसाला खातात किती?”

“एकजण साधारण अर्धा किलो.”

“आणि आहेत किती?”

“दहा हजार जोड्या धरा. वीस हजार पक्षी.”

बाबांनी डोळे मिटले. बोटीचा हिशेब ते नेहमी डोळे मिटून करायचे. “दहा टन,” ते म्हणाले. “जगातल्या सगळ्यांचं मिळून दिवसाचं दहा टन.”

“हो.”

“आपल्या दोन ओढी.”

मी काही बोलले नाही. हा हिशेब मीही विमानात केला होता आणि त्यांना सांगायचा नाही असं ठरवलं होतं.

थोड्या वेळानं त्यांनीच पुढची शंका काढली. “मग एवढ्याशानं उपाशी कसे मरतात? दहा टन म्हणजे काही नाही. तिकडच्या बोटी हजारो टन काढत असतील.” मी त्यांना पिल्लांचं सांगितलं, वर्तुळाचं सांगितलं. की मासा समुद्रात असून चालत नाही, तो त्यांच्या वीस किलोमीटरमध्ये असावा लागतो. बोट पुढे जाते. त्यांना परत यायचं असतं, पिल्लं वाट बघत असतात.

बाबा ऐकत होते. मग म्हणाले, “रापणीसारखं. किनाऱ्याला आला तरच मासा.”

हे मी त्यांच्या तोंडून कधी ऐकेन असं वाटलं नव्हतं. आतून आई भांडी लावत होती. तो आवाज थांबला.

बाबांनी फोन माझ्या हातात दिला. “तिथे बंदी घातलीय, ती पाळतात की नाही ते मोजतंय का कोण?”

“मोजतात. काही पेंग्विनांच्या कातडीखाली चिप असते. कोण परत आला, कोण नाही, ते कळतं.”

“मग ठीक.” ते उठले, दाराशी थांबले. “तो घसरणारा व्हिडिओ तुझ्या मामाला पाठवलास?”

“नाही.”

“पाठव. त्याला गंमत वाटेल.”

मी पाठवला. खाली काहीच लिहिलं नाही. रात्री अकराला मामाचं उत्तर आलं. एक हसण्याची इमोजी, आणि त्याखाली: “ह्ये काय खातत?”

मी बाबांना हाक मारली.